केंद्र, राज्य आणि महापालिका: नेमकी सत्ता कोणाच्या हातात?

मुंबई महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुढची निवडणूक झाली थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली जवळपास चार वर्षं देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका राज्य सरकारने नेमलेला प्रशासक चालवत होता. अर्थसंकल्प मांडणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच. पुणे, नागपूर, नाशिक, ठाण्यातही हेच चित्र होतं. नवी मुंबई, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगरची मुदत तर २०२० मध्येच संपली होती.

हेच एखाद्या राज्याच्या बाबतीत घडू शकलं असतं का? राज्यात राष्ट्रपती राजवट लावली तर तिला दोन महिन्यांत संसदेची मंजुरी लागते, दर सहा महिन्यांनी ती पुन्हा घ्यावी लागते, वर्षाच्या पुढे न्यायची तर कडक अटी आहेत आणि तीन वर्षं ही कमाल मर्यादा आहे. महापालिकेवरच्या प्रशासकाला प्रत्यक्षात असा कोणताही अडथळा आला नाही. हा फरक समजून घ्यायचा तर भारतात सत्तेची वाटणी कशी झाली आहे, ते बघावं लागतं.

याद्या तीन, पण त्या दोघांच्याच

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात विषयांच्या तीन याद्या आहेत. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे, चलन हे केंद्रसूचीत. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, जमीन, पाणी हे राज्यसूचीत. शिक्षण, वनं, विवाह, वीज असे विषय समवर्ती सूचीत, म्हणजे दोघांनाही कायदा करता येतो. पण दोन कायद्यांत विसंगती आली तर सहसा केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. कोणत्याच यादीत नसलेला विषय केंद्राकडे जातो. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात याच्या उलट आहे. तिथे उरलेले अधिकार राज्यांकडे राहतात.

या याद्या दगडावरची रेघ नाहीत. शिक्षण आणि वनं मुळात राज्यांची होती. आणीबाणीच्या काळात, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ती समवर्ती सूचीत गेली. शिवाय पैशाच्या जोरावर केंद्र राज्यांच्या विषयात सहज पाऊल टाकतं. पाणी राज्याचा विषय आहे, तरी गावोगाव नळ देणारं जल जीवन मिशन केंद्राचं आहे; मोठ्या राज्यांत निम्मा खर्च केंद्र करतं, निम्मा राज्य.

तरीही राज्यांचं स्थान पक्कं आहे. त्यांचे विषय घटनेत लिहिलेले आहेत आणि ते बदलायचे तर संसदेतल्या विशेष बहुमताबरोबर किमान निम्म्या विधानसभांची संमती लागते. गावाच्या आणि शहराच्या वाट्याला मात्र अशी यादी आलीच नाही. उलट ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ हाच राज्यसूचीतला पाचवा विषय आहे. म्हणजे पंचायत किंवा महापालिका कशी असावी, हे राज्याने ठरवायचं.

१९९३ मध्ये काय बदललं?

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी लागू झाली, ७४ वी त्याच वर्षी १ जूनला. पहिली पंचायतींसाठी, दुसरी शहरांसाठी. त्यातून बरंच काही मिळालं: दर पाच वर्षांनी निवडणूक, महिलांना किमान एक तृतीयांश आरक्षण (महाराष्ट्रात ते आता निम्मं आहे), अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा, निवडणुकीसाठी स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग. अकराव्या परिशिष्टात पंचायतींसाठी २९ विषय आले आणि बाराव्यात शहरांसाठी १८.

मेख एका शब्दात आहे. हे विषय स्थानिक संस्थांना ‘दिले आहेत’ असं घटना म्हणत नाही. राज्याचं विधिमंडळ ते कायद्याने देऊ ‘शकेल’ असं म्हणते. किती द्यायचं, कधी द्यायचं आणि दिलेलं परत घ्यायचं का, हे राज्याच्या मर्जीवर. केरळने १९९६ पासून लोकनियोजन मोहिमेत योजना निधीचा ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे दिला. घटना तीच, पण बहुतेक राज्यांनी एवढं धाडस केलं नाही.

महाराष्ट्रात खेळाचे नियमही सत्तेबरोबर बदलत आले. सरपंच थेट लोकांमधून निवडायचा, असं २०१७ मध्ये ठरलं. २०२० मध्ये ते रद्द झालं आणि २०२२ मध्ये पुन्हा आलं. मुंबईतल्या नगरसेवकांची संख्या २२७ वरून २३६ केली गेली आणि सरकार बदलल्यावर परत २२७. यातल्या कोणत्याही निर्णयात ग्रामपंचायतीला किंवा महापालिकेला मत नव्हतं.

मग निवडणूक चार वर्षं का रखडली?

पाच वर्षांच्या आत निवडणूक घ्या, असं घटनाच सांगते. पण मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणासाठी तीन अटींची पूर्तता आवश्यक असल्याचं सांगितलं: समर्पित आयोगाकडून मागासलेपणाची माहिती, संस्थानिहाय प्रमाण आणि एकूण ५० टक्क्यांची मर्यादा. ही माहिती गोळा होईपर्यंत निवडणूक नको, अशी सर्वच पक्षांची भूमिका होती. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने प्रभागरचनेचा अधिकारही निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेतला. पुढे प्रभागसंख्येचा वाद आला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ‘जैसे थे’चा आदेश. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असं सांगितलं आणि नंतर ती मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवली.

आरक्षणाचा प्रश्न खरा होता, त्याला बहाणा म्हणता येणार नाही. पण तो सुटेपर्यंत सत्ता कोणाकडे राहिली, हेही बघायला हवं. ती नगरविकास खात्याकडे राहिली.

जकात गेली, धनादेश आला

अधिकाराइतकाच मोठा प्रश्न पैशाचा आहे. मुंबईत जकात हे महापालिकेच्या उत्पन्नाचं सर्वांत मोठं साधन होतं. इतर शहरांत आधी तिची जागा एलबीटीने घेतली, मग २०१५ मध्ये तोही बहुतांश रद्द झाला. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईचे जकात नाकेही बंद झाले. त्या बदल्यात राज्याने कायदा करून भरपाई देऊ केली, दरवर्षी आठ टक्के वाढीसह. पहिल्या महिन्याचा धनादेश सुमारे ६४७ कोटींचा होता. रक्कम कमी नव्हती. पण काल नाक्यावर स्वतः वसूल होणारा पैसा आजपासून मंत्रालयाकडून येऊ लागला.

जीएसटीचे दर परिषदेत ठरतात. तिथे मतांचा एक तृतीयांश भार केंद्राचा आणि दोन तृतीयांश सगळ्या राज्यांचा मिळून असतो; ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात. केंद्राला डावलून काही मंजूर होत नाही आणि एकटं केंद्रही काही रेटू शकत नाही. महापौरांना मात्र त्या टेबलावर खुर्ची नाही.

उरला मालमत्ता कर. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना तो माफ करण्याचा निर्णय जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने घेतला. टाळ्या राज्याला मिळाल्या, खड्डा पालिकेच्या तिजोरीला पडला.

बाहेर काय चालतं?

ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेने नगरपालिकांना राज्यांप्रमाणेच संघराज्याचा घटक मानलं आहे. जर्मनीच्या राज्यघटनेत गावा-शहरांना आपले व्यवहार स्वतः सांभाळण्याचा हक्क दिलेला आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर गावपातळीवरची संस्था रहिवाशांच्या उत्पन्नावर स्वतःचा कर लावते. अमेरिकेत मात्र कायद्याने शहरं राज्यांचीच निर्मिती समजली जातात, अगदी भारतासारखीच. तरी तिथे अनेक मोठ्या शहरांत महापौर थेट निवडून येतो आणि पोलीसप्रमुख तोच नेमतो.

मुंबईत १६ जानेवारी २०२६ ला निकाल लागला आणि २२७ नगरसेवक सभागृहात आले. सभागृह आता अर्थसंकल्पावर चर्चा करेल, प्रभागातली कामं सुचवेल, महापौर निवडेल. पालिकेचा कारभार प्रत्यक्ष चालवणारे आयुक्त मात्र पूर्वीप्रमाणेच सनदी अधिकारी असतील आणि त्यांची नेमणूक आणि बदली राज्य सरकारच करेल.