नेपल्सचें मत्स्यालय

समुद्रकांठच्या मोठ्या शहरांत मत्स्यालय पाहण्यास जाणारा मनुष्य तिकीट काढतो, कांचेमागच्या माशांकडे बोट दाखवून मुलांना चार गोष्टी सांगतो आणि बाहेर पडतो. आपण दिलेल्या पैशाचें पुढें काय होतें हा प्रश्न त्याला सुचत नाहीं. इटलींतील नेपल्सचें मत्स्यालय मात्र याच प्रश्नाच्या एका उत्तरांतून जन्मास आलें, आणि म्हणून त्याचा इतिहास आम्हांस विशेष मननीय वाटतो.

अँटन डोर्न हा स्टेटिनचा जर्मन प्राणिशास्त्रज्ञ, डार्विनच्या सिद्धांताचा कट्टर अनुयायी. १८६८ सालीं तो समुद्री जीवांच्या अभ्यासासाठीं सिसिलींतील मेसिना येथें जाऊन राहिला. समुद्र विपुल, जीव विपुल. पण ग्रंथ नाहींत, उपकरणें नाहींत, हाताशीं माणूस नाहीं. येणाऱ्या प्रत्येकानें सारा संसार नव्यानें मांडावयाचा आणि जातांना मोडावयाचा! समुद्रकांठीं कायमची प्रयोगशाळा हवी, हें त्याच्या मनानें घेतलें. पण पैसा कोठून आणावयाचा? डोर्ननें काढलेली तोड विलक्षण होती. तळमजल्यावर मत्स्यालय थाटावें, प्रवाशांकडून प्रवेशमूल्य घ्यावें आणि त्यावर माडीवरचें संशोधन चालवावें! नेपल्स हें प्रवाशांनीं गजबजलेलें शहर, आणि तेथील आखात म्हणजे समुद्री जीवांचें कोठारच. समुद्रालगतच्या उद्यानांत नगरपालिकेनें जागा दिली. इमारतीसाठीं डोर्ननें स्वतःचा व वडिलांचा पैसा ओतला, कर्जही काढलें. जानेवारी १८७४ मध्यें मत्स्यालय लोकांस खुलें झालें. त्याच वर्षीं डार्विननें १०० पौंड पाठविले.

हिशेब मात्र जमला नाहीं. प्रवाशांच्या नाण्यांवर शास्त्राचें पोट भरेना. तेव्हां डोर्ननें प्रयोगशाळेंतील एकेक मेज विद्यापीठांना व सरकारांना वार्षिक भाड्यानें देण्यास आरंभ केला. मेज घेणाऱ्यानें आपला माणूस पाठवावा; त्याला बसण्यास जागा, ग्रंथालय आणि ताजे जीव मिळावयाचे, व काय शोधावें याविषयीं त्याच्यावर कसलेंही बंधन नसावयाचें. (विद्येच्या क्षेत्रांत इतकी मोकळीक देणारा घरमालक विरळाच!) केंब्रिजनें मेज घेतलें, पुढें १८९८ सालीं अमेरिकन स्त्रियांनीं संस्था काढून स्त्री-संशोधकांसाठीं एक मेज राखून ठेवलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं थिओडोर बोव्हेरी यानें येथेंच, एका काटेरी समुद्री जीवाच्या अंड्यांवर प्रयोग करून, प्रत्येक गुणसूत्राचें कार्य वेगवेगळें असतें असें दाखविलें.

या विद्वानांच्या मेजांवर जीव येत कोठून? बोव्हेरीचें नांव पाठ्यपुस्तकांत आहे. साल्व्हातोरे लो बियांको हें नांव किती वाचकांनीं ऐकलें असेल? नेपल्समधला हा मुलगा कोवळ्या वयांत या संस्थेंत कामास लागला आणि आखातांतील कोणता जीव कोठें व कोणत्या ऋतूंत सांपडतो याचा अधिकारी जाणकार झाला. हात लावतांच विरघळून जावेत असे नाजूक जीव जसेच्या तसे टिकविण्याची विद्या त्यानें साधली. ती बराच काळ संस्थेचें गुपित होती. १८९० सालीं प्रसिद्ध झाली. तीवरून सिद्ध केलेले नमुने देशोदेशींच्या संग्रहालयांत गेले. आमच्या मतें, या संस्थेचा अर्धा पाया त्याच्या बोटांवर उभा आहे.

मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ सालीं उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या नांवानेंही सागरी जीवशास्त्राचें एक संशोधनकेंद्र चाले. मत्स्यालय मुंबईकरांच्या दोन पिढ्यांनीं पाहिलें; त्या केंद्राची वार्ता फारच थोड्यांस होती.

डोर्न १९०९ सालीं वारला. पहिल्या महायुद्धांत इटली जर्मनीच्या विरुद्ध उभी राहिली आणि संस्था त्याच्या मुलाच्या, राइनहार्टच्या, हातून गेली. ती १९२४ सालीं परत मिळाली. दीर्घ डागडुजीनंतर २०२१ सालीं मत्स्यालयाचीं दारें पुनः उघडलीं. तळमजल्यावर कांचा, माशांच्या हालचाली आणि मुलांची गर्दी. माडीवरच्या जुन्या ग्रंथालयाच्या भिंतीवर हान्स फॉन मारे यानें १८७३ मध्यें रंगविलेलें चित्र. त्यांत विद्वानांची बैठक आहे, आणि जोरानें वल्हीं मारणारे नेपल्सचे नावाडीही आहेत.