पाच आठवड्यांच्या बालकाचे दुपटे : इंग्लंडातील मृत्युदेय आणि इ. स. १५२९ चा कायदा

इ. स. १५११ च्या मार्च महिन्यात लंडन शहराच्या पूर्वेकडील व्हाइटचॅपल परगण्यात, दूधआईकडे ठेवलेले एक पाच आठवड्यांचे मूल वारले. त्याचे नाव स्टीफन. बाप रिचर्ड हन हा लंडनमधील मर्चंट टेलर संघाचा सभासद असून बऱ्यापैकी सधन होता. मुलाच्या दफनाच्या प्रसंगी तेथील धर्माधिकारी टॉमस ड्रायफील्ड ह्याने, ज्या दुपट्यात गुंडाळून मुलाला बाप्तिस्म्यासाठी नेले होते ते दुपटे आपल्या हक्काचे म्हणून मागितले. हनने ते देण्यास नकार दिला. वस्त्राची किंमत हनसारख्या व्यापाऱ्याला जाणवण्याजोगी नव्हती; परंतु त्यावरून निघालेल्या तंट्याचा शेवट पावणेचार वर्षांनी त्याच्या स्वतःच्या मृत्यूत झाला. हे प्रकरण बहुधा इंग्लंडच्या धर्मसुधारणेचे पूर्वचिन्ह म्हणूनच अभ्यासिले जाते. मूळ वाद ज्या देण्याविषयी होता त्याकडे मात्र तितकेसे लक्ष दिले जात नाही.

ह्या देण्यास ‘मॉर्च्युअरी’ म्हणत. आज शवागाराला लावला जाणारा हा शब्द त्या काळी मृताच्या मालमत्तेतून चर्चला द्यावयाच्या वस्तूचे नाव होता. त्याचे मूळ बरेच जुने आहे. नॉर्मन विजयापूर्वीच्या सॅक्सन राजांच्या कायद्यांत मृताच्या आत्म्याप्रीत्यर्थ द्यावयाच्या एका देण्याचा उल्लेख येतो, आणि अकराव्या शतकातील कॅन्यूट राजाच्या कायद्यात ते खड्डा उघडा असतानाच चुकते करणे उत्तम, असे सांगितले आहे. हा तपशील उपेक्षिण्यासारखा नाही. देणे केव्हा मागावे, हे घेणाऱ्यांना फार पूर्वीच उमगले होते, असाच त्याचा अर्थ होतो. पुढे सरंजामशाहीत कूळ मेले म्हणजे त्याचे सर्वोत्तम जनावर जमीनदार नेई. त्याच धर्तीवर दुसऱ्या क्रमांकाचे जनावर चर्चचे मानले जाऊ लागले. कँटरबरीचा आर्चबिशप सायमन लँगम ह्याने चौदाव्या शतकात केलेल्या नियमानुसार मृताच्या मागे तीन वा अधिक जनावरे असतील तर दुसरे उत्तम जनावर चर्चला द्यावयाचे होते. मृताकडून हयातीत अजाणता बुडालेल्या धर्मदशांशाची ती भरपाई, असे त्याचे समर्थन केले जाई. जेथे गुरे नसत तेथे, विशेषतः शहरांत, अंगावरचे उत्तम वस्त्र घेत.

येथे एक अडचण होती. दफन हे धर्मकृत्य. त्याची विक्री करणे हे चर्चच्या स्वतःच्याच कायद्याने पाप होते. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेपुढे हा प्रश्न आला, आणि तिने दिलेला निर्णय मोठा मासलेवाईक आहे. प्रेताच्या दफनासाठी धर्माधिकाऱ्यांनी पैसे उकळू नयेत, अशी परिषदेने आज्ञा केली. परंतु त्याच नियमात तिने असेही सांगितले की, श्रद्धाळू जनांनी पाडलेल्या पवित्र प्रथा मोडू पाहणाऱ्या गृहस्थांना बिशपाने आवर घालावा. म्हणजे मागणे निषिद्ध, पण न देणेही निषिद्ध. ह्यामुळे दफनावरील आकार नाहीसा झाला नाही. त्याचे नाव बदलून ते ‘प्रथा’ झाले. आकाराला दर असावा लागतो आणि तो आधी सांगावा लागतो. प्रथेला दोहोंची गरज नसते. कोणत्या परगण्यात काय घ्यावयाचे, बायकामुलांकडून घ्यावयाचे की नाही, घर एका परगण्यात आणि मृत्यू दुसऱ्या परगण्यात झाल्यास हक्क कोणाचा, हे सर्व स्थानिक वहिवाटीवर अवलंबून राहिले. ती वहिवाट सांगणारा आणि तिचा लाभ घेणारा बहुधा एकच मनुष्य असे. घरच्यांना तिची पुरती माहिती होण्याची वेळ म्हणजे प्रेत दारात असतानाची.

हनचे उत्तर ह्या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. देण्याची प्रथाच अमान्य, असे त्याने म्हटले नाही. मॉर्च्युअरी मृताच्या मालमत्तेतून घ्यावयाची. पाच आठवड्यांच्या मुलाला मालमत्ता कसली? दुपटे बापाचे होते, मुलाचे नव्हते. आणि बाप जिवंत होता. हा युक्तिवाद कोणत्याही कायदेपंडिताला शोभण्यासारखा आहे. यजमानाने दुसऱ्याकडून विधी करवून घेतला तरी दक्षिणा आपलीच, असे सांगणाऱ्या ग्रामजोशांचे जे दावे एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातील न्यायालयांपुढे आले, त्यांचा परिचय असलेल्या वाचकाला ह्या वादाचे स्वरूप अपरिचित वाटणार नाही. सेवेचा मोबदला आणि वतनी हक्क ह्यांतील भेद दोन्हीकडे सारखाच धूसर होता.

ड्रायफील्ड वर्षभर स्वस्थ बसला. एप्रिल १५१२ मध्ये त्याने आर्चबिशपाच्या न्यायालयात फिर्याद केली. तेथे न्यायाधीश कथ्बर्ट टन्स्टल ह्याने पुढच्याच महिन्यात निकाल धर्माधिकाऱ्याच्या बाजूने दिला. त्या डिसेंबरात हन व्हाइटचॅपलच्या चर्चमध्ये सायंप्रार्थनेस गेला असता तेथील उपाध्यायाने तो बहिष्कृत असल्याचे मोठ्याने सांगून, तो बाहेर जाईपर्यंत प्रार्थना चालविण्याचे नाकारले. व्यापाऱ्याच्या पतीला हा धक्का लहान नव्हता. १५१३ च्या प्रारंभी हनने राजाच्या न्यायालयात दोन दावे लावले. एक बदनामीचा, दुसरा चौदाव्या शतकातील प्रीम्युनिरीच्या कायद्याखाली. धर्मन्यायालयाची सत्ता पोपकडून आलेली, म्हणजे परकी, असून राजाच्या प्रजाजनास तिच्यापुढे खेचणे हा राजाचा अपराध होय, असा ह्या दुसऱ्या दाव्याचा आशय होता. दुपट्याचा प्रश्न येथे मागे पडला, आणि इंग्लंडात अखेरची सत्ता कोणाची हा प्रश्न पुढे आला.

दावे रेंगाळत असतानाच १५१४ च्या शरदऋतूत हनला पाखंडाच्या आरोपावरून पकडून सेंट पॉलच्या कॅथीड्रलमधील लॉलर्ड्स टॉवरात ठेवण्यात आले. ४ डिसेंबरच्या सकाळी तो स्वतःच्याच रेशमी कमरबंदाने टांगलेल्या स्थितीत मृत आढळला. ही आत्महत्या, असे बिशपाच्या पक्षाने जाहीर केले. मृत्यूची चौकशी करणाऱ्या पंचांना मात्र हातांवर बांधल्याच्या खुणा, प्रेतापासून दूर सांडलेले रक्त आणि व्यवस्थित विझविलेली मेणबत्ती दिसली. त्यांनी हा खून ठरवून बिशपाचा चॅन्सेलर विल्यम हॉर्सी व दोघे हाताखालचे लोक ह्यांना आरोपी केले. लंडनचे पंच धर्माधिकाऱ्यांविरुद्ध इतके पेटले आहेत की ते निरपराध्यालाही दोषी ठरवतील, अशा अर्थाचे पत्र बिशप फिट्झजेम्स ह्याने वुल्झीला लिहिले, आणि खटला पुढे चालला नाही. इकडे मृत हनवर पाखंडाचा खटला चालवून त्याचे प्रेत डिसेंबरातच स्मिथफील्ड येथे जाळण्यात आले. पाखंड्याची मालमत्ता जप्त होत असल्यामुळे त्याची मुले उघडी पडली. त्यांना ती परत मिळावी म्हणून १५१५ मध्ये आणलेले विधेयक कॉमन्स सभेने संमत केले. उमरावांच्या सभेत, जेथे बिशप व मठाधिपती मोठ्या संख्येने बसत, ते अडकले. हन कसा मेला ह्याविषयी टॉमस मोरने पुढे आत्महत्येचा पक्ष हिरीरीने मांडला आहे. तथापि पंचांनी नोंदविलेला पुरावा त्याच्या विनोदाने खोडून निघत नाही.

नोव्हेंबर १५२९ मध्ये आठव्या हेन्रीची नवी पार्लमेंट भरली तेव्हा कॉमन्सनी सर्वप्रथम हाती घेतलेल्या गाऱ्हाण्यांत अंत्यविधी व मृत्युपत्रे ह्यांवरील आकार अग्रभागी होते. त्या सभेत स्वतः बसलेल्या एडवर्ड हॉलच्या बखरीवरून दिसते की, मृताची एकुलती एक गायदेखील धर्माधिकारी सोडत नाहीत व पोरे भिकेला लागतात, अशी तक्रार तेथे झाली. राजदरबारी सर हेन्री गिल्डफोर्ड ह्याने एका मृत सरदाराच्या मृत्युपत्राच्या सिद्धीसाठी आपणास व सहकाऱ्यांस एक हजार मार्क मोजावे लागल्याचे सांगितले. गरिबाची गाय आणि सरदाराचे हजार मार्क एकाच चर्चेत आले, म्हणूनच हा विषय इतक्या त्वरेने कायद्यापर्यंत पोचला असावा.

त्या अधिवेशनात संमत झालेल्या मॉर्च्युअरीच्या कायद्याचे वैशिष्ट्य असे की, त्याने वस्तू रद्द करून पैशांत दर ठरवून दिला. ज्याची जंगम मालमत्ता दहा मार्कांहून, म्हणजे ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्सांहून, कमी असेल त्याच्याकडून काहीच घ्यावयाचे नाही. त्यावर ३० पौंडांपर्यंत ३ शिलिंग ४ पेन्स. ३० ते ४० पौंडांपर्यंत ६ शिलिंग ८ पेन्स. ४० पौंड व त्यापुढे १० शिलिंग, आणि मालमत्ता कितीही असली तरी त्याहून अधिक नाही. जेथे मॉर्च्युअरी घेण्याची वहिवाट नव्हती तेथे ती नव्याने सुरू करण्यास मनाई झाली. जास्त घेणाऱ्याने वरकड रक्कम गमवावी आणि शिवाय पीडित पक्षास ४० शिलिंग द्यावेत, असेही ठरले. प्रथेचा आधार कायद्याने काढून घेतला नाही. फक्त तिला कमाल मर्यादा घातली. सोळाव्या शतकातील वाढत्या महागाईत ह्या स्थिर रकमांचे मोल आपोआप घटत गेले.

कोणाकडून मॉर्च्युअरी मुळीच घ्यावयाची नाही, ह्याचीही यादी त्या कायद्यात आहे. तीत विवाहित स्त्रिया आहेत, स्वतःचे घर न चालविणारे लोक आहेत, आणि मुले आहेत. चर्चमधील जागा, घंटा, थडग्याची खोदाई ह्यांवरील आकारांना मात्र ह्या कायद्याने हात लावला नाही. ते परगण्या-परगण्यातून पूर्ववत् चालू राहिले.