मुक्ताचा निबंध आणि आमचा संडेस्कूलचा वर्ग



मागच्या महिन्यात संडेस्कूल सुटल्यावर सातवीतला एक मुलगा मागे रेंगाळला. शाळेच्या फॉर्मवर जातीचा रकाना होता. त्याने विचारले, "टीचर, आपण ख्रिस्ती आहोत ना? मग आपल्याला जात असते काय?" मी म्हणाले, "प्रभूपुढे नसते." तो म्हणाला, "आज्जी म्हणते, असते. पण कुठली, ते सांगत नाही." मी त्याला पुढच्या रविवारचे पाठांतराचे वचन विचारले आणि घरी आले. विषय टाळला हे त्यालाही कळले असणार.

त्या रात्री मला मुक्ता आठवली.

मुक्ता साळवे ही पुण्यातल्या मांग समाजातली मुलगी. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत ती शिकली. 1855 साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, तिने महार-मांगांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो छापला कोणी? आपल्या 'ज्ञानोदया'ने! अमेरिकन मराठी मिशनने 1842 मध्ये अहमदनगरला सुरू केलेले हे पत्र आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या काळापासून येते. त्याच्या 15 फेब्रुवारी आणि 1 मार्चच्या अंकांत हा निबंध दोन भागांत आला. मोठमोठ्या पंडितांचे वाद जिथे छापले जात, तिथे एका शाळकरी पोरीला जागा मिळाली.

तिने काय लिहिले? वेद आमचेच, इतरांनी ते पाहू नयेत, असे ब्राह्मण म्हणतात. मग आम्हाला धर्मपुस्तकच नाही. आमचा धर्म कोणता, ते देवा, तूच सांग, असा तिचा सवाल आहे. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यासमोरून जाणाऱ्या महार-मांगाचे डोके उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू करीत, हे ती लिहिते. इमारतीच्या पायात माणसे पुरल्याचे लिहिते. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर नसते, तिचे थंडीवाऱ्यात काय हाल होतात, हेही लिहिते. हे शेवटचे तिला कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. वस्तीत राहणाऱ्या मुलीने ते पाहिलेच असणार.

पण मला सगळ्यात जास्त बोचली ती एका धोंड्याची गोष्ट. ब्राह्मणाच्या मुलाने धोंडा मारला आणि मांगाच्या किंवा महाराच्या पोराचे रक्त निघाले, तरी घरचे तक्रार करीत नाहीत. का? तर उद्या उष्टे अन्न मागायला त्याच दारात जायचे असते.

मी मुलांना हीच गोष्ट सांगायची ठरवली. डोक्याच्या चेंडूची नाही. ती दहावीच्या पुढच्यांसाठी ठेवली. धोंडा लहानांनाही कळतो. एका आईने मला आधी अडवले, "ताई, एवढ्याशा पोरांना हे कशाला? त्यांच्या मनात नसलेलं घालाल." त्यांची काळजी खरी आहे. पण निर्गम बाराव्या अध्यायात वल्हांडणाचा विधी सांगताना देवाने मुलांचा प्रश्न गृहीतच धरला आहे: मुले विचारतील, तेव्हा त्यांना मिसरातले सांगा. गुलामी लपवून ठेवा, असे तिथे नाही.

वर्गात गोष्ट संपल्यावर पहिला प्रश्न आला, "त्या मुलाच्या बाबांनी काहीच केलं नाही?" मी सांगितले, भूक होती. वर्ग गप्प झाला. मग एक मुलगी म्हणाली, "मग मुक्तानं केलं." मला हे सुचले नव्हते.

जातीच्या रकान्याचे उत्तर मात्र द्यायचे राहिले होते. ते मी मोठ्या मुलांना सरळ दिले. ख्रिस्ती झाल्याने जात सुटली असे आपण म्हणतो, पण 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या; पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. म्हणजे कागदावर जात गेली, गावाने मात्र ती लक्षात ठेवली. आणि फक्त गावानेच नाही. इथून घाट उतरले की गोव्यात काही जुन्या चर्चांच्या कॉन्फ्रारिया जातीजातीच्या होत्या. आपल्या मंडळीतही सोयरीक जुळवताना "मूळचे कोण?" हे हळूच विचारले जाते. मी स्वतः माझ्या भाचीच्या वेळी विचारले आहे. हेही मुलांना सांगितले. सांगताना घसा कोरडा पडला, पण ती पुढच्या बाकावर डोळे मोठे करून ऐकत होती. मोठ्या माणसाने आपली चूक कबूल करणे त्यांना नवे असावे.

गेल्या रविवारी त्या मुलाची आज्जी उपासनेनंतर वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहिली. मी खुर्ची दिली. पदर सावरून बसल्या आणि नातवाकडे न बघता म्हणाल्या, "आमच्या गावात चहाच्या हाटेलात आमची कपबशी बाहेर, वळचणीला ठेवलेली असायची. आपली आपण धुवायची आणि परत ठेवायची." मग थोडे थांबून, "हँडल तुटलेली होती ती."

नातवाने विचारले, "तू त्यातनं चहा पिलीस, आज्जी?"

"एकदाच," त्या म्हणाल्या, आणि पुढचे सांगू लागल्या.