आपोआप बंद पडणाऱ्या यंत्राचा इतिहास



आपल्या व्याख्यानमालेला नाव वसंताचे असले तरी ती भरते ऐन उन्हाळ्यात. तेव्हा उष्म्याविषयी बोलायला ह्याहून योग्य वेळ कोणती! परंतु आज आम्ही माणसाला होणाऱ्या उष्म्याविषयी बोलणार नाही. यंत्राला होणाऱ्या उष्म्याविषयी बोलणार आहोत. आम्ही इतिहासाचे अभ्यासक, यंत्रविशारद नव्हे. मग ह्या विषयाकडे आम्ही वळलो कसे, हे आधी सांगितले पाहिजे.

आमच्या परिचयाच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात जुन्या ग्रंथांची यादी संगणकावर चढवण्याचे काम चालले होते. मे महिना लागला आणि संगणक काम चालू असताना अचानक बंद पडू लागला. न सूचना, न आवाज. पडदा काळा होई आणि त्या घटकेचे टंकलेखन वाया जाई. ग्रंथपालबाई रडकुंडीला आल्या. कार्यकारी मंडळाची सभा भरली. कोणी विजेच्या दाबाला दोष दिला, कोणी व्हायरसला. अध्यक्ष म्हणाले, “यंत्र म्हातारे झाले. टाकून द्या आणि नवे आणा.” नव्यासाठी पैसे कोठून आणायचे, तर वर्षाच्या ग्रंथखरेदीतून. एक तरुण सभासद म्हणाला, “उष्णता वाढली की यंत्र बंद करणारी एक सोय आत असते. तीच बंद करून टाकू, म्हणजे कटकट मिटेल.” सभेला ही सूचना पसंत पडण्याच्या बेतात होती.

त्या दिवशी आम्ही निर्णय आठ दिवस पुढे ढकलण्याची विनंती केली. कारण बंद पडणारे यंत्र बिघडलेलेच असते, हे गृहीत आम्हाला पटेना. ह्या गृहीताच्या मुळाशी जाण्यासाठी संगणकाच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

संगणक तापतो कशामुळे? पिठाच्या गिरणीतून डबा घरी आणला की पीठ हाताला गरम लागते, हे आपण सर्व जाणतो. परंतु गिरणीतून निदान पीठ तरी बाहेर पडते. मोटेने पाणी वर येते, रेल्वेने माणसे पुढे जातात. संगणक काय उचलतो, काय हलवतो? त्याचे काम म्हणजे विजेचे अतिसूक्ष्म प्रवाह चालू करणे आणि बंद करणे. प्रवाह तारेतून जाताना तार तापते, ह्या घटनेचा नियम जेम्स जूल ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४० च्या सुमारास मांडला. संगणकाने घेतलेली जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णता होऊनच बाहेर पडते. आयबीएम कंपनीतील रॉल्फ लँडावर ह्यांनी १९६१ साली ह्याच्याही पुढचा सिद्धांत मांडला. साठवलेली माहिती पुसायची तर काही किमान उष्णता बाहेर टाकावीच लागते, असे त्यांनी दाखवले. ती मात्रा अत्यल्प आहे, आणि आजची यंत्रे तिच्या कित्येक पट उष्णता टाकतात. परंतु तत्त्व ध्यानात घेण्याजोगे आहे. उष्णता ही यंत्राची चूक नव्हे. ती त्याच्या कामाची किंमत होय. प्रश्न एवढाच, की ती उष्णता कोण वाहून नेतो आणि कोठे टाकतो.

हा प्रश्न पहिल्याच मोठ्या यंत्रापुढे उभा राहिला. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जॉन मॉकली आणि प्रेस्पर एकर्ट ह्यांनी ‘एनियाक’ नावाचे यंत्र उभारले आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये ते जगापुढे आले. तोफांच्या माऱ्याची कोष्टके तयार करणे हा त्याचा मूळ हेतू. वजन सुमारे तीस टन, आणि आत सुमारे अठरा हजार निर्वात नळ्या, म्हणजे जुन्या रेडिओत असत तसले व्हॉल्व्ह. ह्या यंत्राला सुमारे दीडशे किलोवॅट वीज लागे. आपल्या घरातील विजेच्या इस्त्र्या, साधारण एक किलोवॅटच्या, एका दालनात दीडशे मांडाव्या आणि सगळ्या एकदम चालू कराव्या, म्हणजे ह्या आकड्याची कल्पना येईल.

एकर्ट ह्यांनी ह्या संकटाचा विचार आधीच केला होता. नळ्यांना त्यांच्या क्षमतेपेक्षा कमी दाबाची वीज द्यायची, म्हणजे त्या कमी तापतील आणि अधिक टिकतील, हा त्यांचा दंडक होता. नळ्या बहुतेक वेळा जळत त्या यंत्र चालू करताना आणि बंद करताना, तापण्या-निवण्याच्या ताणाने. म्हणून यंत्र शक्यतो अखंड चालू ठेवण्याची रीत पडली. मोठ्या पंख्यांनी कपाटांतून सतत वारा खेळवला जाई. आणि ह्या सर्वांवर एक शेवटचा पहारेकरी नेमलेला होता. प्रत्येक कपाटात एक तापनियंत्रक बसवला होता. आतील तापमान ११५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ४६ अंश सेल्सिअसच्या वर गेले की तो वीज तोडून टाकी. विदर्भातील श्रोत्यांना हा आकडा मे महिन्याच्या वर्तमानपत्रात नित्य भेटतो!

ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. तापल्यावर आपण होऊन बंद पडणे हे आजच्या स्वस्त यंत्राचे वैगुण्य नव्हे. ही सोय संगणकाइतकीच जुनी आहे, आणि ती संगणकाच्या जनकांनी विचारपूर्वक केलेली आहे.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन ह्यांच्या नेतृत्वाखाली तरुण शास्त्रज्ञांनी नळ्यांचाच एक संगणक बांधला. तो १९६० साली कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० नळ्या होत्या. पुढे देशातील कार्यालयांत आणि महाविद्यालयांत संगणक आले, तेव्हा त्यांची खोली वातानुकूलित असे आणि दाराशी पादत्राणे काढून आत जावे लागे. देवळासारखी ही शिस्त पाहून आपल्यापैकी अनेकांना हसू आले असेल. परंतु धूळ आत गेली की वाऱ्याच्या वाटा बुजतात आणि यंत्र तापते, हे त्या शिस्तीमागचे एक साधे कारण होते.

नळ्यांची जागा ट्रान्झिस्टरने घेतली. त्याचा शोध अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ च्या डिसेंबरात लागला. तो नळीच्या मानाने फारच थोडी वीज खाई. आता उष्णतेचा प्रश्न संपला, असे वाटावे. परंतु माणसाचा स्वभाव असा, की एका ट्रान्झिस्टरने वाचवलेली वीज तो हजार ट्रान्झिस्टर शेजारी शेजारी बसवून खर्च करतो. गॉर्डन मूर ह्यांनी १९६५ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात एका तुकड्यावरील घटकांची संख्या वाढत जाणार असे भाकीत केले, तेव्हा इतकी उष्णता काढता येईल काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःच उपस्थित केला होता. त्यांचे उत्तर आशावादी होते.

मोठ्या यंत्रांना मात्र वारा पुरेना. सीमूर क्रे ह्यांचे ‘क्रे-१’ हे महासंगणक १९७६ मध्ये लॉस अलामॉस येथे गेले, तेव्हा त्याला थंड ठेवण्यासाठी शीतकपाटात वापरतात तसले फ्रिऑन खेळवले होते. आयबीएमने १९८० साली जाहीर केलेल्या ३०८१ ह्या यंत्रात पाण्याने थंड होणारी रचना होती. आणि १९८५ च्या ‘क्रे-२’ मध्ये तर सगळी मंडलेच विजेला न वाहणाऱ्या एका द्रवात बुडवून ठेवली होती. यंत्राची बुद्धी जितकी वाढत गेली, तितका त्याचा सरंजामही वाढत गेला.

टेबलावरच्या संगणकाची कथा ह्याहून निराळी नाही, केवळ लहान आहे. इंटेलच्या १९७१ मधील ‘४००४’ ह्या प्रोसेसरवर २,३०० ट्रान्झिस्टर होते. १९८९ मधील ‘८०४८६’ वर सुमारे बारा लाख, आणि २००० सालच्या ‘पेंटियम ४’ वर सुमारे सव्वाचार कोटी. सुरुवातीच्या प्रोसेसरना स्वतंत्र पंखा लागत नसे. पुढे त्यांच्या पाठीवर धातूच्या पातळ पत्र्यांचा जुडगा, ज्याला हीटसिंक म्हणतात, तो आला. आणि मग त्या जुडग्यावर पंखा आला. हे इतके दिवस निभावले कसे, ह्याचे स्पष्टीकरण रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली दिले होते. ट्रान्झिस्टर लहान केला की त्याला लागणारा विजेचा दाब आणि प्रवाहही त्या प्रमाणात कमी करता येतो. त्यामुळे तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर बसले तरी त्या जागेची उष्णता वाढत नाही.

हा हिशेब तीस वर्षे चालला आणि मग मोडला. घटक इतके सूक्ष्म झाले की बंद असतानाही त्यांतून वीज गळू लागली. इंटेलचेच पॅट गेल्सिंगर ह्यांनी २००१ मध्ये इशारा दिला, की हीच चाल चालू राहिली तर चौरस सेंटिमीटरमागची उष्णता अणुभट्टीच्या पंक्तीला जाऊन बसेल. २००४ च्या अखेरीस प्रोसेसरची गती सेकंदाला ३.८ अब्ज ठोक्यांपर्यंत पोचली होती. परंतु चार अब्जांचा जाहीर केलेला प्रोसेसर कंपनीने त्याच वर्षी रद्द केला. गती वाढवण्याऐवजी एकाच तुकड्यावर दोन, चार, आठ गाभे बसवण्याचा मार्ग उद्योगाने धरला. हा वळणबिंदू उष्णतेने घडवला आहे.

ह्याच काळात पहारेकरीही शहाणा झाला. आजचा प्रोसेसर स्वतःचे तापमान स्वतः मोजतो. ते साधारण शंभर अंशांच्या आसपास गेले की तो प्रथम आपली गती कमी करतो. तरीही तापमान चढतच राहिले, तर तो वीज तोडावयास लावतो. ज्या प्रोसेसरांत ही सोय नव्हती, ते पंख्याचा जुडगा निघाला तर काही क्षणांत जळून जात.

आता आपण ग्रंथालयात परत येऊ. इतिहासात जसा पुरावा पाहतात तसा आम्ही एका जाणकार कारागिराच्या साहाय्याने पाहिला. सकाळी गार यंत्र वीस मिनिटे चाले. बंद पडल्यावर लगेच चालू केले तर पाचच मिनिटे टिके. अर्ध्या तासाने चालू केले की पुन्हा वीस मिनिटे. विजेच्या दाबाचा दोष असा घड्याळ लावून वागत नाही. डब्याची बाजू उघडून समोर टेबलफॅन ठेवला, तर यंत्र तासभर चालले. आरंभीच्या बायोसच्या पडद्यावर तापमान दिसते. तेथे काहीही काम नसताना आकडा नव्वदीकडे सरकताना दिसला. निदान पक्के झाले.

कारण शोधताना मात्र आम्हाला वाईट वाटले. यंत्रावर धूळ बसू नये म्हणून ते मेजाच्या बंद कप्प्यात ठेवले होते, आणि वर भरतकामाचा सुंदर अभ्रा घातला होता. वारा येण्याची वाटच उरली नव्हती. माया होती, पण तीच जाचक झाली होती. विजेची पिन काढून डबा उघडला, तेव्हा जुडग्याच्या पत्र्यांत धुळीचा नमदा झालेला होता. पंख्याचे पाते बोटाने धरून, जेणेकरून तो फुकट गरगरणार नाही, कोरड्या ब्रशने आणि हवेच्या झोताने धूळ काढली. ओले फडके लावले नाही. प्रोसेसर आणि जुडगा ह्यांच्यामधला लेप, ज्याला थर्मल पेस्ट म्हणतात, वाळून खडूसारखा झाला होता. तो पुसून मटाराच्या दाण्याएवढा नवा लेप लावला आणि जुडगा चारही कोपऱ्यांनी सारखा बसवला. पंखा नीट फिरतो हे पाहिले. विजेच्या पुरवठ्याची पेटी मात्र आम्ही उघडली नाही. तिच्यात पिन काढल्यावरही वीज साठून राहते, आणि ते काम तज्ज्ञाचेच आहे.

यंत्र कप्प्यातून बाहेर, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवले. त्या मे महिन्यात ते पुन्हा बंद पडले नाही. ग्रंथखरेदीची रक्कम ग्रंथांवरच खर्च झाली, आणि ग्रंथपालबाईंनी यादी पुरी केली. अध्यक्षांनी पुढच्या सभेत आपण होऊन सांगितले, “आपण म्हातारा समजलो, तो नुसता गुदमरला होता.”

त्या तरुण सभासदाची सूचना मान्य झाली असती तर काय झाले असते? यंत्र काही दिवस न थांबता चालले असते आणि मग कायमचे थांबले असते. अडचण दाखवणाऱ्यालाच गप्प करण्याचा मोह यंत्राच्या बाबतीत होतो, तसा संस्थांच्या आणि समाजाच्या बाबतीतही होतो, हे आम्ही निराळे सांगावयास नको.

एक शेवटचा मुद्दा. उष्णता घालवता येते, नाहीशी करता येत नाही. आपल्या हातातील दूरध्वनी गार वाटतो, कारण त्याचे पुष्कळसे काम दूर कोठेतरी, नवी मुंबईसारख्या ठिकाणी उभ्या असलेल्या प्रचंड विदागारांत चालते. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी २०२२ मध्ये आलेल्या एका प्रोसेसरला एकट्याला सातशे वॅटपर्यंत वीज लागते, आणि अशा हजारो प्रोसेसरांना निववण्यासाठी १९८० सालचे पाणी पुन्हा यंत्रांभोवती खेळू लागले आहे. एनियाकच्या दालनातील दीडशे इस्त्र्या विझलेल्या नाहीत. त्या आपल्या नजरेआड गेल्या आहेत. त्यांना लागणारी वीज आणि पाणी कोणाच्या वाट्याचे, हा प्रश्न नागरिक म्हणून आपण विचारला पाहिजे. आणि तो विचारण्यापूर्वी, आज घरी गेल्यावर, आपल्या संगणकावरचा तो भरतकामाचा अभ्रा तेवढा काढून ठेवावा, ही विनंती.