दापुरीची बाग

दापोडी म्हटलं की पुणेकराला लोकलचं स्टेशन आठवतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत मात्र हे गाव ‘दापुरी’ आहे, आणि 1828 साली गव्हर्नर सर जॉन माल्कमने तिथे मुंबई सरकारची वनस्पतीबाग काढली. इथल्या झाडांच्या प्रेमापोटी काही नव्हे! सरकारला उपयोगाची झाडं हवी होती, आणि ती परमुलखातली असली तरी चालणार होती.

1838 मध्ये बाग अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरकडे आली. लष्करी इस्पितळांना लागणाऱ्या औषधी वनस्पती तो लावून घेई. पुढे 1847 मध्ये इलाख्याच्या जंगलांचा कारभारही त्याच्याकडे आला आणि त्याची नजर कुंपणाबाहेर गेली. वनस्पतींचा अभ्यासक डॅल्झेल याच्याबरोबर त्याने केलेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ 1861 चा. माझ्या मते बागेची खरी कमाई हीच.

आणि ती चित्रं! 1847 ते 1850 या काळात गिब्सनने एका चित्रकाराकडून बागेतल्या झाडांची चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पतीबागेत आहेत. चित्रकार पोर्तुगीज-हिंदी होता एवढीच नोंद उरली. नाव कुणी लिहून ठेवलं नाही. माळ्यांची तर बातच सोडा.

गव्हर्नरांचं नाव मात्र लगेच लागतं. जुन्नरकडच्या डोंगरातल्या एका वनस्पतीला डॅल्झेलने 1865 मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रिअरवरून ‘फ्रेरिया’ केलं. गावकरी तिला शिंदळ माकुडी म्हणतात. शिवनेरीच्या कड्यावर मी ती दुर्बिणीतून पाहिली. खोड मांसल, निवडुंगाच्या जातीचं वाटावं असं, पण पावसाळ्यात त्यावर चांगली पानं येतात. फूल जेमतेम रुपयाएवढं, पाच टोकांचं, काळपट तांबडं, वर पिवळे ठिपके. वास घ्यायच्या भानगडीत पडू नये, तो माश्यांसाठी असतो.

त्याच 1865 मध्ये दापुरीची बाग बंद झाली. नवी गणेशखिंडीत उभी राहिली, 1873 मध्ये. तिथे आता फळ संशोधन केंद्र आहे आणि पुणेकर आंब्याची कलमं न्यायला जातात. शिंदळ माकुडीही खोडाच्या तुकड्यावरून सहज रुजते. युरोपातल्या हौशी लोकांनी ती कधीच कुंड्यांत लावली. सह्याद्रीत मात्र ती मोजक्या कड्यांवर उरली आहे, गुरांचं तोंड पोचत नाही अशा जागी.