बीज न धरणारे यीस्ट

1553 मध्ये बव्हेरियात 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर या काळात बिअर गाळण्यास बंदी झाली, कारण उन्हाळ्यात ती नासायची. मग सारा धंदा हिवाळ्यात आणि गार तळघरांत आला. नेहमीचे यीस्ट थंडीत सुस्तावते. तिथल्या पिंपांत मात्र गारठ्यातही नेटाने काम करणाऱ्या एका यीस्टने जम बसवला. आज जगात सर्वाधिक खपणारी लागर बिअर त्याचीच देणगी आहे.

हे यीस्ट म्हणजे दोन प्रजातींचा संकर. एक पालक सर्वांच्या ओळखीचा: पाव फुगवणारा सॅकरोमायसीस सेरेव्हिसी. दुसऱ्याचा पत्ता 2011 मध्ये लागला. दिएगो लिबकिंद आणि सहकाऱ्यांना पॅटागोनियातल्या बीच वृक्षांच्या जंगलात सॅकरोमायसीस युबायानस सापडले. लागर यीस्टच्या अनोळखी अर्ध्या जनुकसंचाशी ते सुमारे 99.5 टक्के जुळले. थंडी सोसण्याचा गुण याच घराण्याचा.

संकर दणकट निघाला, पण जवळजवळ वंध्य. त्याला कळ्या फुटतात आणि त्यांतूनच त्याची संख्या वाढते. लैंगिक पुनरुत्पादनासाठी लागणारे बीजाणू मात्र क्वचितच तयार होतात आणि झाले तरी बहुधा जगत नाहीत. त्यामुळे हे यीस्ट टिकवायची जबाबदारी माणसावर आली. कालच्या दह्याचे विरजण आज लावावे, तसे एका पिंपातले यीस्ट दुसऱ्या पिंपात जात राहिले. 1845 मध्ये जे. सी. याकोबसेन यांनी ते म्युनिकच्या श्पाटेन कारखान्यातून कोपनहेगनला नेले आणि 1847 मध्ये कार्ल्सबर्ग सुरू केली. तिथल्याच प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्तियन हान्सेन यांनी 1883 मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले. कार्ल्सबर्गने ते स्वतःपुरते न ठेवता इतर कारखान्यांनाही दिले.

यीस्टच्या आनुवंशिकीचा पायाही याच प्रयोगशाळेत 1930च्या दशकात ओय्विंद विंगे यांनी घातला. तरी वंध्यत्वाचा उलगडा व्हायला आणखी साठेक वर्षे लागली.

बीजाणू बनताना दोन्ही पालकांच्या गुणसूत्रांनी जोड्या जमवून तुकड्यांची अदलाबदल करावी लागते. संकरात ही गुणसूत्रे एकमेकांशी पुरेशी जुळत नाहीत. पेशीतली चुका दुरुस्त करणारी यंत्रणा हा फरक हेरते आणि अदलाबदल रोखते. मग गुणसूत्रांची वाटणी बिघडते. कुठे एखादे जास्त, कुठे कमी, आणि बीजाणू मरतात. 1996 मध्ये सेरेव्हिसी आणि त्याचे जवळचे भावंड पॅराडॉक्सस यांच्या संकरातून या यंत्रणेतली जनुके काढल्यावर जिवंत बीजाणूंचे प्रमाण वाढले. 2002 मध्ये डंकन ग्रेग आणि सहकाऱ्यांनी संकराचा जनुकसंच दुप्पट केला. प्रत्येक गुणसूत्राला आपल्याच जातीचा जोडीदार मिळाला आणि प्रजननक्षमता परतली. 2021 मध्ये बीजाणू बनण्याच्या काळापुरती एमएसएच2 आणि एसजीएस1 ही दोन जनुके दाबताच ती सुमारे सत्तर पटींनी वाढली.

कारण एवढे एकच नाही. 2008 मध्ये तैवानमधील संशोधकांनी दाखवले की एका प्रजातीच्या केंद्रकातले एइपी2 हे जनुक दुसऱ्या प्रजातीच्या मायटोकाँड्रियाशी जुळवून घेत नाही. तिथेही बीजाणूंचे उत्पादन अडते.

या ज्ञानाचा धंद्यावर थेट परिणाम होत आहे. शतकानुशतके बिअर उत्पादकांच्या हाती मोजकीच जुनी वाणे होती, कारण त्यांचा पुढे संकर करणे जवळपास अशक्य होते. आता सेरेव्हिसी आणि युबायानस यांचे नवे संकर प्रयोगशाळेत जाणीवपूर्वक घडवले जातात.