शिंपल्याच्या रंगाचे ढग

नॉर्वेत हिवाळ्यात सूर्य मावळला की कधीकधी आकाशात शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे चमकणारे ढग दिसतात. कार्ल स्टॉर्मर या गणितज्ञाने १९३० च्या आसपास वेगवेगळ्या ठिकाणांहून एकाच वेळी फोटो काढून त्यांची उंची मोजली. ती निघाली साधारण २५ किलोमीटर!

गंमत म्हणजे मंडळी, एवढ्या वर सहसा ढग होतच नाहीत. स्ट्रॅटोस्फिअर म्हणजे कोरडं ठाक. हवेच्या दहा लाख रेणूंत पाण्याचे जेमतेम पाच. पण ध्रुवावरच्या लांबलचक रात्रीत सूर्य नसतो, भोवती वाऱ्यांचं कडं असतं आणि बाहेरची उबदार हवा आत शिरत नाही. मग पारा उणे ७८ अंशांखाली गेला की नायट्रिक आम्ल आणि पाणी मिळून बारीक कण बनतात. उणे ८५ च्या खाली निव्वळ बर्फाचे.

सुंदर दृश्य, बस्स! पुढे १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की अंटार्क्टिकावरचा ओझोन दर वसंतात झपाट्याने घटतोय. फ्रिजमधल्या सीएफसीवर संशय होताच, पण हिशोब जुळेना. त्यातला क्लोरिन तर दोन निरुपद्रवी संयुगांत अडकून पडलेला असतो!

आमच्या भाषेत सांगायचं तर डेटा बरोबर होता, मॉडेलमध्ये एक केसच लिहिलेली नव्हती. मॉडेलमध्ये फक्त वायू होते, ढग नव्हते. १९८६ मध्ये सुसान सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी मांडलं की या ढगांच्या कणांवर ती दोन संयुगं एकमेकांशी भिडतात आणि क्लोरिन सुटतो. वसंतात ऊन आलं की तो ओझोनवर तुटून पडतो. त्याच वर्षी त्या टीम घेऊन मॅकमर्डोला गेल्या आणि तिथल्या मोजमापांत क्लोरिनची संयुगं अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त सापडली.

१९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. अंटार्क्टिकावरचा ओझोन १९८० च्या पातळीला यायला साधारण २०६६ उजाडेल, असा अंदाज आहे.

पण कार्बन डायऑक्साइड वाढला की खाली गरम होतं आणि स्ट्रॅटोस्फिअर मात्र थंड होतं! २०२० च्या वसंतात उत्तर ध्रुवावरही ओझोनची विक्रमी घट झाली, कारण त्या हिवाळ्यात तिथे थंडी फार टिकली होती. क्लोरिन पुरता ओसरेपर्यंत या देखण्या ढगांवर नजर ठेवावीच लागणार.